कोरी जागा

आणीबाणीत सेन्सॉरनं मजकूर कापला की आमचे संपादक तेवढी जागा कोरी सोडत. लोक ती जागाच आधी वाचत. त्यापायी साहेब वर्षभर तुरुंगात होते. आणीबाणी उठल्यावर बातमी आली: नागपुरातल्या एका दवाखान्यात डॉक्टरनं नर्सच्या अंगावर हात टाकला. मी कंपोझिटर; त्या बातमीचे शिशाचे अक्षर-खिळे जुळवत असताना ती नर्सच छापखान्यात आली. “साहेब, छापा, पण माहं नाव नका टाकू. सासरचे मले घरात नाही घेनार.” “आता एकही अक्षर गाळनार नाही, बाई. त्याच्यासाठीच जेल भोगली,” साहेब म्हणाले. माझी लेक त्याच दवाखान्यात नर्स. साहेब जेवायला गेल्यावर मी त्या बाईच्या नावाचे खिळे काढून कोरे बसवले. सकाळी छापखान्याशेजारच्या पानठेल्यावर पेपर उघडा होता. “नाव काहून गाळलं? कंपोझिटरची पोरगी तिथंच नर्स आहे ना गा!” मला पाहून एकानं घाईघाईनं पेपर मिटला.