शेअरचं दुकान वाढव

बाजार रोज कोसळत होता. चिपळूणचे भांडीवाले दिगंबरशेठ शेट्ये वैतागून कानातल्या सल्लागार-यंत्राला म्हणाले, "पुरे झालं! माझं शेअरचं दुकान आजच्या आज वाढव."

"वाढवलं," यंत्र म्हणालं. सही नाही, कागद नाही. तोंडच्या शब्दावर व्यवहार. सुटलो, म्हणून शेठनी पुन्हा तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाजार सावरल्यावर एका संध्याकाळी त्यांची मुलगी सुलभा खात्याचा उतारा घेऊन दुकानात धावत आली. "बाबा, म्हातारपणाची ठेव मोडून भर पडझडीत आणखी शेअर घेतलेत?"

शेठ ताडकन उठले. "घेतले? अगं, मी विकायला सांगितलं होतं!"

"काय शब्दांत?"

"वाढव म्हणालो. 'बंद कर' असं अभद्र कोण बोलतं?"

सुलभा हसत सुटली. "त्याने खरंच वाढवलं! पैसे दीडपट झालेत."

शेठनी देवाच्या तसबिरीला हात जोडले. जीव भांड्यात पडला, तसा सवयीने हात शटरकडे गेला. "चल पोरी, दुकान वाढवू."

"शेजारचा गाळा घेऊ?" यंत्राने उत्साहाने विचारलं.

"नको रे बाबा! बंद! दुकान बंद करायचंय!"

शेठनी जीभ चावली. तीन पिढ्यांत त्या उंबऱ्यावर हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.