कॅमेऱ्याला सांगितलेली गोष्ट

मठाच्या जेवणघरात खिडक्यांवर घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. समोरच्या पांढऱ्या चादरीवर आचारी कणीक मळत होता. खरा आचारी माळ्याच्या शेजारी बाकावर मान खाली घालून बसला होता.

दोघंही संन्यासी. एक मठाचं स्वयंपाकघर बघायचा, दुसरा बाग, म्हणून सगळे त्यांना आचारी आणि माळी म्हणायचे. तीस वर्षं दोघांच्या खोल्या शेजारीशेजारी. आचाऱ्याचं घोरणं, त्याची गुडघेदुखी, मीठ जास्त पडलं की होणारी चिडचिड, सगळं माळ्याला तोंडपाठ.

दिग्दर्शिका बाई दोन महिने मठात राहून हा सिनेमा करून गेल्या होत्या. सिनेमा फारच संथ. कुणी अंगण झाडतंय, कुणी नुसतंच बसलंय, एका दारावर ऊन सरकतंय. पेंगणाऱ्यांची सोय झाली होती. माळी आपले वाफे कधी दिसतात याची वाट बघत होता.

चादरीवरच्या आचाऱ्याचे हात थांबले.

"इथे यायच्या आधी एकीवर जीव होता," तो म्हणाला. "अजून आहे. पहाटे चूल पेटवताना रोज तिची आठवण येते. हे इथे कुणाला ठाऊक नाही."

पेंगणारेही जागे झाले. "तरीच न्याहारी करपते," मागून कुणीतरी पुटपुटलं. माळ्याची कानशिलं तापली. चुलीसाठी रोज पहाटे लाकडं तोच नेऊन द्यायचा.

सिनेमा संपल्यावर तो तडक स्वयंपाकघरात गेला. आचारी आधीच भाजी चिरायला बसला होता.

"ओळख ना पाळख, त्या बाईंना सांगितलंस," माळी म्हणाला. "मी काय परका होतो?"

"त्यांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"इथे यायच्या आधी तुमचं कोण होतं, असं. तू तीस वर्षांत फक्त गुडघा कसा आहे, एवढंच विचारलंस."

माळ्याने पालेभाजीची जुडी पुढे ओढली आणि निवडायला घेतली. आतला जळफळाट काही शमेना. त्या बाईंना मिळालं नाही असं काहीतरी आपल्याला मिळायला हवं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"नाव काय तिचं?" शेवटी त्याने विचारलं. "सिनेमात नव्हतं."

"त्यांनाही नाही सांगितलं."

आचाऱ्याने सुरी खाली ठेवली. दाराकडे एकदा बघून तो पुढे वाकला आणि माळ्याच्या कानात नाव सांगितलं.

साधं, दोन अक्षरी नाव. पण ते घेताना आचाऱ्याचा आवाज असा काही मऊ झाला, की तसा तो माळ्याने तीस वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

"चांगलं आहे," माळी म्हणाला. मग खाली मान घालून तो कोवळी पानं देठांच्या ढिगात टाकत राहिला.