ताजं कबूतर

मुलुंडच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मृणालिनीने घारीच्या पिल्लाची चोच उघडली, तेव्हा गुणाजीला आत पिवळट गाठ दिसली. घसा जवळजवळ बुजला होता.

"किती दिवस खात नाहीये, काका?"

"तीन. भूक आहे हो त्याला. तुकडा उचलतं आणि टाकून देतं."

कांदिवलीला त्याच्या चाळीमागचा माड छाटला, तेव्हा घरट्यासकट हे पिल्लू खाली आलं होतं. वीस दिवस गुणाजीने त्याला गच्चीवर लेकरासारखं जपलं होतं.

डॉक्टरने कापसाची काडी पिल्लाच्या घशात फिरवली, काचेवर टेकवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. फार वेळ लागला नाही.

"बघा."

गुणाजी वाकला. उजेडाच्या गोलात बारीक ठिपके वळवळत होते.

"हे परजीवी. कबुतरांच्या घशात असतात. बऱ्याच कबुतरांना त्याचं काही होत नाही. पण घारीने तसलं कबूतर खाल्लं, की तिच्या घशात अशी गाठ धरते. काय भरवत होतात?"

गुणाजीने डोळा वर काढला नाही. बाजारातली शिळी कोंबडी त्याने पिल्लाला कधी दिली नव्हती. रोज सकाळी गच्चीवर फास लावून तो ताजं कबूतर धरायचा, स्वतः सोलायचा, मऊ मऊ तेवढं निवडून द्यायचा.

"कबूतर," तो म्हणाला.

डॉक्टरने पिल्लाची चोच हलकेच मिटली. "गाठ टाळूच्या हाडात शिरलीय. औषधाची वेळ गेली. सुई देते, म्हणजे तडफडणार नाही. धराल का?"

त्याने पंख धरले. दोन मिनिटांत मान त्याच्या मनगटावर कलंडली.

डॉक्टर बेसिनकडे वळली. "याआधी कधी घारीची पिल्लं वाढवली होतीत?"

"नऊ!" चाळीत सगळ्यांना सांगायचा, त्याच सुरात तो सांगू लागला. "सहा वर्षांत नऊ. नऊच्या नऊ अशीच ताज्या कबुतरावर वाढवून उडवली. आमची बायको सुगंधा म्हणते, मेली एकदासुद्धा परत फिरकली नाहीत. मी म्हणतो, अगो, रानातला पाखरू ता. मोकळा झाला, आता कित्याक येतला..."

तो बोलता बोलता थांबला.

डॉक्टर पाठमोरी हात धूत होती. साबण केव्हाच निघून गेला होता, तरी धूतच होती.