विसावे काका

सरकारी अनुदानासाठी वृद्धाश्रमात किमान वीस जण लागतात, आणि नेमके तपासणीच्या दिवशी पहाटे काका गेले. उरले एकोणीस. संचालिकाबाईंनी काकांना खिडकीपाशी आरामखुर्चीत बसवलं आणि गळ्यापर्यंत शाल पांघरली.

तपासणीचे साहेब एकेकाची विचारपूस करत तिथवर आले. त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"रात्रभर खोकत होते," बाई घाईने म्हणाल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

साहेबांनी तो हात हळूच शालीत सरकवला. वीसचा आकडा टाकून सही केली. दारात बूट घालताना खाली बघतच म्हणाले,

"यांच्या घरच्यांना आता तरी कळवा. माझे वडील आश्रमातच वारले, पहाटे. मला संध्याकाळी कळवलं. तपासणी उरकल्यावर."