पांढरी दाढी

भालकीच्या प्रेमानंदचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा खर्जातला, म्हणून जर्मनीतल्या ऑपेरात त्याच्या वाट्याला म्हाताऱ्या बापांच्याच भूमिका यायच्या. सुट्टीत आईला घेऊन चिटगुप्प्यात संध्याला बघायला गेला, तर तिच्या वडिलांनी मोबाइलच पुढं केला. पडद्यावर पांढऱ्या दाढीतला प्रेमानंद हाताची घडी घालून लेकीच्या लग्नाला गाऊन नकार देत होता. “फोटोत पोरगा दावलाव, अन् ह्यो म्हातारा कोन? लग्नाजोगी लेक बी हाय ह्येला.” “दाढी चिकटवलेली हाय, दादा,” आई काकुळतीनं म्हणाली. वडील हाताची घडी घालून बसले. प्रेमानंदला हसू आवरेना. अकरा वर्षं स्टेजवर त्यानं हेच केलं होतं. तेवढ्यात चहा ठेवत संध्या म्हणाली, “अप्पा, तुमी अर्धंच बघितलाव. शेवटाला ह्यो बाप व्हय म्हणतो.” “तुला कसं ठाऊक? तीन तासांचा खेळ हाय.” “चारदा बघितलाय मी.”