खडूची पुडी

भोपाळ राजधानी झाली त्या साली इंदूरच्या टीबी वॉर्डात नव्या औषधाची चाचणी चालू होती. अर्ध्या बायकांच्या पुडीत औषध, अर्ध्यांच्या पुडीत नुसता खडू. कोणाला काय, हे फक्त डॉक्टरांना आणि कंपाउंडर रघुवीरला माहीत. त्याच्या बायकोच्या, शांताच्या, वाट्याला खडू आला. मग काय, तो रोज गुपचूप तिची पुडी शेजारच्या खाटेवरच्या प्रेमलताच्या औषधाशी बदलायचा. तरी शेवटी शांता वारली आणि प्रेमलता ठणठणीत होऊन घरी निघाली. रघुवीरच्या पाया पडून ती रडली. “भिया, भाभी देवी होती! म्हणायची, ‘नवरा कंपाउंडर आहे, माझीच पुडी खास असेल. तुला लेकरं आहेत, तू घे.’ आम्ही रोज अदलाबदल करायचो.” तेवढ्यात डॉक्टरांनी मागून पाठ थोपटली. “रघुवीरजी, औषधवाल्या वाचल्या, खडूवाल्या गेल्या. भोपाळला कळवतो, एक पण गलती नाही.”