अलग कप

टीबीतून उठलेल्या दुलीचंदच्या दवाखान्यातून सुट्टीच्या कागदावर आमच्या डॉक्टरांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'पूर्ण बरा. याच्यापासून कोणालाही धोका नाही.'

आठ दिवसांनी दुलीचंद तोच कागद घेऊन परत आला.

"काहून रे, पुन्हा खोकला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सायेब. कागद साऱ्यायनं वाचला. पण भरवेली गावच्या हाटेलात माहा कप अजून अलग खिळ्यालेच टांगला हाय."

डॉक्टरांनी सायकल काढली. दुलीचंदला मागं बसवून थेट हाटेलात गेले आणि एकच चहा मागवला. अर्धा दुलीचंदला प्यायला लावला. उरलेला त्याच कपातून, सगळ्यांदेखत, स्वतः संपवला.

तेव्हापासून टीबीचा पेशंट सुटला, की कागदावर सही ठोकून डॉक्टर सायकलची किल्ली उचलतात. "चाल, तू चहा कुठं पितो?"